ओळ लहान होत गेली

मास्साब, आधी तो आवाज आठवतो. माणिक चौकातून आत वळलं की दोन-तीन बोळ ओलांडून तुमचं घर, आणि दुकानांच्या फळ्या अजून निघायच्या असत तेव्हाच त्या घरातून एक गुणगुण बोळभर पसरलेली असे. तोंड मिटून, कानांवर अंगठे दाबून तुम्ही भ्रामरी करत बसलेले असायचात. बाहेरून भिंतीला कपाळ टेकलं तर भिंतही गुणगुणतेय असं वाटे. दूधवाला कॅन खाली ठेवून माझ्याकडे बघून म्हणायचा, "लो, मास्साब का भौंरा जाग गया. अब दिन हुआ समझो." मी हसायचो नाही, कारण हसलं की खोकला येई आणि खोकला आला की माझ्या छातीतली शिट्टी त्या गुणगुणीच्या वर ऐकू येई. मला ते नको असायचं. तुमचा आवाज संपेपर्यंत मी तसाच भिंतीशी उभा राहायचो. इतका सलग, कुठेही न फाटलेला श्वास एका माणसाच्या अंगात असू शकतो, याचं मला त्या वयात फार नवल वाटायचं. देवळातल्या समईपेक्षाही जास्त.

शाळेत सगळे तुम्हाला मास्साब म्हणत. आम्ही झाशीचे मराठी, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे तुम्ही स्वतः मराठी असूनही माझ्या तोंडी तेच बसलं ते बसलंच. आई मात्र "मास्तर" म्हणायची. तिनेच मला तुमच्याकडे धाडलं. वैद्य झाले होते, काढे झाले होते, गळ्यात ताईत होता, आणि तरी मी वर्गात जिना चढून आलो की पहिला तास धापा टाकण्यात जायचा. तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे नाही, छातीकडे पाहिलंत. "कोण वाजतंय रे आत?" मी म्हटलं, दमा आहे. "नाव सांगायला आलास की घालवायला?" मग तुम्ही विचारलंत, पाठ काय येतं. मला पाठ येत होतं ते सगळंच. पुस्तकातल्या कविता वर्गात शिकवायच्या आधीच मी पाठ करून बसायचो, एवढंच एक मला येत होतं. तुम्ही म्हणालात, म्हण. मी हात मागे बांधून एक लांबलचक कविता म्हटली, हिंदीतली, शाळेतली. संपल्यावर तुम्ही मला खाली बसायची खूण केलीत. मग म्हणालात, "अख्ख्या कवितेत तू एकदाही अडखळला नाहीस. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, तुला सगळं येतं. फक्त कवितेत येतं. आता जगतानाही येऊ दे."

आज तुमचं ते वाक्य आठवलं की राग येतो, मास्साब. तो कसला, ते पुढे सांगेन.

स्वयंपाकघरात बसवायचात तुम्ही मला. ओसरी गार पडायची आणि चुलीजवळची जागा उबदार, म्हणून. काकू भाकरी थापत असायच्या, तुम्ही भिंतीशी पाटावर, मी तुमच्यासमोर. पोटात काही नसताना बसायचं हा तुमचा नियम, आणि तो काकूंना कधी पटला नाही. "श्वासाला जागा हवी म्हणून पोर उपाशी ठेवायचं? दहा वर्षांत असलं काही ऐकलं नव्हतं मी या घरात." तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "ऐकलं होतंस. तेव्हा मी उपाशी होतो, म्हणून तुला काही वाटलं नाही." त्या ताटली झाकून शिरा ठेवत असत. मी डोळे मिटलेले, पण नाक उघडं, आणि तुपाचा वास आला की माझा पूरक, म्हणजे आत घेतलेला श्वास, आपोआप लांबायचा. तुमच्या ते लक्षात आलं होतं. तुम्ही काकूंना सांगितलं होतंत की झाकण जरा फटीत ठेव. हे मला कितीतरी वर्षांनी काकूंनीच सांगितलं, तुम्ही गेल्यावर.

तुम्ही आकडे शिकवलेच नाहीत. बाकी सगळीकडे चार मात्रा घ्या, आठ मात्रा सोडा असं सांगतात. तुम्ही मला तीन ओळी दिल्यात, तुमच्याच. पहिल्या ओळीवर श्वास आत, पुढच्या दोन ओळींवर बाहेर.

ये रे वाऱ्या, बैस जरासा,
घाई कसली, ऊन कलू दे,
निघताना तू येतो म्हण.

मनातल्या मनात म्हणायच्या, पण चालीवर. श्वास म्हणजे दारात आलेला पाहुणा, एवढंच तुमचं शास्त्र. एकदा कुठल्याशा आरोग्याच्या पुस्तिकेत वाचून मी शहाणपणा केला. तुमच्यासमोर बसून बोटांवर मोजू लागलो. ओठ हलत होते, अंगठा पेरांवरून सरकत होता. तुम्ही एकदम माझा हात धरलात. मारलं नाहीत, नुसता धरलात, पण घट्ट. "मोजायचं असेल तर मऊरानीपूरला जा. तिथे मंडीत पोती मोजतात, तुला कामाला लावतील. आलेल्या पाहुण्याचे घास मोजतात का रे कुणी?" मग त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत. मी रडत रडत शिरा खाल्ला. काकू म्हणाल्या, "रडताना श्वास कसा मस्त चाललाय बघा याचा. रोज रडवत चला." तेव्हा तुम्ही हसलात, आणि तुम्ही हसलात म्हणून मीही.

शिट्टी हळूहळू गेली. कधी गेली ते सांगता येणार नाही. एखादा पाहुणा जेवून निघून जावा आणि आपण आत पान लावत असावं, तसं झालं. रेल्वेत नोकरी लागली आणि पहिलं पोस्टिंग बाहेरगावी आलं, तेव्हा मी पाया पडायला आलो. तुम्ही उठून आत गेलात आणि तुमचं घोंगडं घेऊन आलात, ज्यावर तुम्ही बसायचात ते. काकूंच्या शिवणाच्या कात्रीने ते मधोमध कापलंत. कात्री बोथट होती, फार वेळ लागला, आणि काकू कपाळावर हात मारून बघत बसल्या. "आता दोघंही थंडीत कुडकुडा. अर्ध्या घोंगड्यात कोण माणूस मावतो?" तुम्ही म्हणालात, "बसलेला मावतो." ती किनार नसलेली, सुतं लोंबणारी बाजू मी नंतर शिवून घेतली नाही. त्या बाजूला तुमचं उरलेलं अर्धं आहे असं मला वाटत राहायचं.

तुमच्या शेवटच्या दिवसांत मी रजा काढून आलो होतो. माझी फार इच्छा होती की तुम्ही मला काहीतरी सांगाल. काहीतरी मोठं, जे पुढे कुणाला तरी सांगता येईल. तुम्ही म्हणालात, "उशी जरा वर कर." मी केली. मग विचारलंत, "जेवलास?" मी हो म्हटलं. बस्स. त्या वेळी मला वाटलं होतं की माझा वाटा राहून गेला.

पुढे बदलीने झाशीत परतलो आणि लग्न झालं. ती साताऱ्याकडची. झाशीत आली तेव्हा तिला आमचं सगळंच गमतीचं वाटायचं, आणि सर्वांत जास्त आमची मराठी. मी म्हटलं, "भैयाने सब्जी ठीक लावली नाही," की ती पदर तोंडाशी धरून हसायची. "तुमची मराठी म्हणजे धोतरावर शेरवानी." तिच्यापुढे मी कविता म्हणून दाखवायचो, शाळेत पाठ केलेल्या, अर्ध्या विसरलेल्या, आणि ती भाजी निवडता निवडता जिथे मी अडेन तिथला शब्द स्वतःचाच काहीतरी घालून पुढे ढकलायची. तिचे शब्द बहुतेक वेळा बरे असायचे. मी सकाळी गच्चीवर घोंगड्यावर बसायचो, समोर किल्ल्याची काळी भिंत, आणि ती कपडे वाळत घालायला वर यायची. पहिली काही वर्षं नुसती बघायची. मग एके दिवशी बादली खाली ठेवून शेजारी बसली. "शिकवा. तुम्ही रोज इथं पळून येता ते कुठं जाता ते बघू तरी."

मी तिला तुमच्या तीन ओळी शिकवल्या. तिने त्या म्हटल्या, श्वास घेतला, सोडला, आणि डोळे उघडून म्हणाली, "तुमचे मास्तर पाहुण्याला नुसतंच बसवतात? चहा विचारायची पद्धत नाही झाशीत?" पण शिकली, मास्साब. माझ्यापेक्षा चांगली शिकली. मला जे तुमच्या धाकाने जमलं ते तिला मजेने जमलं. तिची कंबर दुखायची थांबली, पाय सुजायचे थांबले, नातेवाइकांत ती "ती योगवाली" झाली. मी निवृत्त झाल्यावर बागेत सकाळचा वर्ग सुरू केला, मोहल्ल्यातल्या बायका, दोन-चार पेन्शनर, त्यात पुढच्या रांगेत ती. फक्त शवासन तिला कधी जमलं नाही. मी सगळ्यांमधून फिरत सांगायचो, पावलं सैल, तळवे आकाशाकडे, हनुवटी जराशी आत. जिचे पाय जुळलेले असत तिचे वाकून वेगळे करायचो, कुणाचे तळवे उलटे असत ते सुलटे करायचो. तिच्यापाशी पोचेपर्यंत ती घोरत असायची. बायका हसू दाबायच्या. "चाचाजी, चाची तो गईं." उठवली की म्हणायची, "मला एवढंच एक आसन पूर्ण येतं, आणि तेवढ्यातच तुम्ही उठवता."

मग तिचा श्वास लागायला लागला. आधी जिन्यावर, मग देवपूजेला खाली वाकताना, मग बोलताना. डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, स्पंजाचा दगड व्हावा तशी. का होतं? पुष्कळदा कळत नाही, म्हणाले. ती मला बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही असं तोंड करू नका, लोकांना वाटेल तुम्हालाच झालंय." दवाखान्याच्या बाकावर ती सगळ्यांशी गप्पा मारायची. मला ते आवडत नसे, तिचा श्वास खर्च होतो असं वाटायचं. मी घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. ते माजघरात दिवसभर घरघरायचं, आणि त्या घरघरीत आम्ही दोघं तुमच्या ओळी धरून बसायचो. मी म्हणायचो मोठ्याने, ती त्यावर श्वास घ्यायची.

आता हे लिहायला जड जातंय, पण तुम्हालाच लिहिता येईल. दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

दिवाळीपर्यंत तीन ओळी चालल्या. मग बाहेर सोडताना तिसऱ्या ओळीपर्यंत तिचा श्वास पुरेना, मध्येच दम संपायचा आणि डोळे घाबरे व्हायचे. मी मधली ओळ काढून टाकली. ये रे वाऱ्या, बैस जरासा, निघताना तू येतो म्हण. तिच्या लक्षात आलं. "ऊन कलायचं राहिलं की," म्हणाली. मी म्हटलं, हिवाळा आहे, ऊन हवंच आहे. संक्रांतीच्या सुमारास ही दोन ओळींचीही जोडी लांब पडायला लागली. मग नुसती पहिली ओळ, अर्धी आत, अर्धी बाहेर. मग "बैस जरासा" गेलं. "ये रे" आत, "वाऱ्या" बाहेर. मास्साब, तुम्ही मला जे दिलंत ते मी एकेक शब्द करून काढत होतो, आणि प्रत्येक शब्द काढला की वाटायचं, आता एवढ्यात तरी मावेल. शेवटी एकच अक्षर उरलं. ये. ती घ्यायची. ये. ती घ्यायची. एका कवितेचं किती थोडं पुरतं माणसाला, आणि तेही पुरत नाही.

होळीच्या आधी, दुपारी, तिने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. मी म्हणतच होतो. ती म्हणाली, "गप्प बसा जरा. माझं मला घेऊ द्या." एवढे शब्द तिने बऱ्याच दिवसांत एका दमात बोललेले नव्हते. मी गप्प बसलो. खिडकीत ऊन सरळ उभं होतं, कललेलं नव्हतं. ती निघाली तेव्हा येते म्हणाली नाही. आपल्यात "जाते" म्हणत नाहीत, पण तिला दोन्हीपैकी काहीच म्हणायला सवड झाली नाही.

आणि मग मी काय केलं ते सांगतो. शेजारपाजारचे आले, तिला खाली जमिनीवर घेतलं. कुणीतरी म्हणालं, आप बैठिए. पण मी वाकलो. मी तिची पावलं वेगळी केली, सैल सोडली. तिचे तळवे धरून आकाशाकडे वळवले. हनुवटी जराशी आत घेतली. हात आपोआप करत होते, इतकी वर्षं रोज सकाळी करत आले होते ते. गणपतीच्या उत्सवात आमच्याबरोबर असणारे एक म्हातारे गृहस्थ हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, पाय जुळवायचे असतात. अंगठे बांधायचे असतात." मला ते कळत होतं. पण मी तसाच वाकून थांबलो, कारण मी ऐकत होतो. मी तिच्या घोरण्याची वाट बघत होतो, मास्साब. मग त्यांनीच पाय जुळवले.

तेराव्याला जेवणं चालू असताना समोरच्या घरातल्या काकी दुसऱ्या बाईला सांगत होत्या, माझ्या पाठीमागेच बसून, "इत्तो जोग-ध्यान करत हतीं, फिर भी देखो." त्या वाईट बाई नाहीत. दहा दिवस त्यांच्याकडूनच चहा येत होता. राग त्यांचा आला नाही, तुमचा आला. तुम्ही म्हणाला होतात, जगतानाही येऊ दे. मला आलं. जो पोरगा शिट्टी वाजवत तुमच्या दारात आला होता तो म्हातारा झाला आणि अजून आहे. आणि जिची छाती धडधाकट होती, जिला फक्त माझ्याशेजारी बसायचं होतं, तिला तुमच्या तीन ओळींनी काय दिलं? मी तिला शिकवलं नसतं तर ती याच दिवशी, याच वेळी गेली असती का? की आधी? डॉक्टरांना विचारलं. ते चांगले आहेत, तरुण आहेत. म्हणाले, "अंकल, आपके प्राणायाम की वजह से उनका डर कम रहा, ये मैंने देखा है." मी मान हलवली. पण मला भीती कमी व्हायला नको होती, मला ती जिवंत हवी होती.

तेव्हापासून मी आसनावर बसलेलो नाही. एकदाच प्रयत्न केला, पावसाळ्यात, गच्चीवर नाही, इथेच माजघरात. बसलो, उठलो, आडवा झालो. पावलं सैल सोडली आणि तळवे वर केले मात्र, माझे हात मला माझे वाटेनात. दचकून उठून बसलो. त्या रात्री कित्येक दशकांनी ती शिट्टी पुन्हा छातीत वाजली. आधी वाटलं खिडकी आहे. आता पंप आहे खिशात, दिवसातून दोनदा ओढतो. डॉक्टर म्हणतात, पंपाने निभेल, पण प्राणायाम पुन्हा सुरू केला नाही तर हा हिवाळा जड जाईल. सरळ सांगितलं त्यांनी. मीही सरळच ऐकून घेतलं. मला करता येत नाही, की करायचं नाही, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

मुलगा दूर असतो. त्याने मनगटावर बांधायला एक घड्याळ पाठवलंय. ते श्वास मोजतं, नाडी मोजतं, पावलं मोजतं आणि सगळं त्याच्या फोनवर जाऊन सांगतं. तुम्ही असतात तर मऊरानीपूरला पाठवलं असतंत त्याला. रविवारी फोन येतो. "बाबा, प्राणायाम किया?" मी मराठीत सांगतो, हो केला. तो हसत नाही. "बाबा, घड़ी बता रही है आप सुबह से कुर्सी से उठे ही नहीं." मग तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणतो, "बाबा, तुम्ही असं नका करू ना." त्याला मराठी समजते सगळी, बोलताना अडखळतो. त्याची आई त्याच्याशी मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, असंच त्यांचं चालायचं. आता तो माझ्यासाठी मराठी बोलायला लागलाय, आणि ते ऐकलं की मला फोन ठेवावासा वाटतो.

बागेतला वर्ग चालू आहे. एका पेन्शनरने मोबाईलवर कुणाचा तरी आवाज लावून चालवलाय. सुरुवातीला बायका बोलवायला यायच्या. "चाचाजी, चलिए न, सिर्फ बैठ जाइएगा." मी गुडघ्याचं सांगायचो. आता येत नाहीत. बरं केलं त्यांनी. तिथे जाऊन मला एकच गोष्ट करायची असते आणि तीच करता येत नाही. दुसऱ्याच्या पावलांना हात लावून सैल सोडा म्हणणं आता माझ्याच्याने होणार नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुमच्या बोळात आता कपड्यांची घाऊक दुकानं आहेत, तुमच्या भिंतीवर शटर आहे. वाटलं होतं बेतवा नदीत सोडून यावं. पण खरं सांगू का, पाठवायचं म्हणून लिहायला घेतलंच नव्हतं. सकाळी उठलो तर हवा गार होती, शरदाची पहिली, आणि घोंगडं आपसूक हातात आलं होतं. ते परत फडताळात ठेवलं आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून हा कागद ओढला. एवढंच आहे ते. तुमच्याशी बोलायच्या निमित्ताने मी आजची सकाळ चुकवली.

दार वाजतंय. थांबा.

मास्साब, एक बाई आली आहे. मी तिला ओळखत नाही. पस्तिशीची असेल, डोक्यावर पदर, काखेत प्लास्टिकची गुंडाळलेली चटई, पायांवर बसचा धुरळा. एरच गावाहून आली, सकाळच्या गाडीने. दार उघडल्यावर तिने आधी चौकटीचा आधार घेतला आणि दम खात उभी राहिली, मग म्हणाली, "माताजी हैं? साँस वाली माताजी?" मी नुसता बघत राहिलो. तिला वाटलं मला ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने सांगायला लागली. दवाखान्यात बाकावर भेट झाली होती. तिलाही श्वासाचा त्रास, माताजींनी घरचा पत्ता तीनदा पाठ करून घेतला होता तिच्याकडून. "कही थीं कि बरसात निकल जाए तब आना, हम सिखा देंगे. हमाए आदमी तो कहत हते, कौन सिखाता है फोकट में. हम कही, वो सिखाएँगी. मजाक बहुत करत हतीं, लेकिन झूठ नईं बोलत हतीं." आणि हसली. माझ्या मागे आत डोकावून बघत हसली.

मी सांगायला तोंड उघडलं. आणि म्हणालो, "आइए. बैठिए."

ती बसली आहे ओसरीत. चटई तिने स्वतःच उलगडून घातली, पदराने पुसली, आणि तिच्या माताजींची वाट बघते आहे. मी आत आलोय आणि उभ्या उभ्या हे लिहितोय, कारण बाहेर गेलो की सांगावं लागेल, आणि सांगितल्यावर ती उठून एरचला परत जाईल की बसून राहील ते मला माहीत नाही. तिची छाती वाजते आहे, मास्साब. इथवर ऐकू येतंय. मी अजून तिला सांगितलेलं नाही. जी गेली तिची कुणीतरी अजून वाट बघतंय, हे मला थोडा वेळ असंच राहू द्यायचं होतं.